मसाईपलीकडचा माझा पांढरा बाण

वाट बंद होणार असल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला शेड कार्ड दाखवत होतो. कोल्हापुरात माझं रंगाचं दुकान आहे, आणि दर जुलैत आमचं मंडळ पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातं. वाटेतल्या एका वाडीवरच्या शालनकाकींनी दूधवाल्याकरवी कळवलं होतं की यंदा त्यांच्या शेतातून कुणाला जाऊ देणार नाही, दोन्ही तोंडांना बाभळीचे काटे टाकणार.

मंडळाची बैठक बसली. एकाचं म्हणणं, वर अर्ज करू. दुसऱ्याचं, बाईंना साडीचोळी देऊ. वाटेच्या देखभालीसाठी आम्ही प्रत्येक चालणाऱ्याकडून दहा रुपये जादा घेतो, आणि त्यातून यंदा पन्हाळ्यावर देणगीदारांच्या नावांची मोठी पाटी लावायचं घाटत होतं. वाटच बंद झाल्यावर पाटी कशाला, असं मी विचारलं आणि जाऊन येतो म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी त्या वाटेवरचे सगळे बाण मी काढले होते. रंग फुकट मिळणार म्हणून तो मान मला मिळालेला.

एखादा बाण हलवावा लागला तर, म्हणून सोबत दस्तगीरला घेतलं. तो गवंडी, माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि दगडाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मेच्या उन्हात माझ्या जुन्या स्कूटरवर मी, पायाशी रंगाचा डबा, मागे आडवी पहार धरून दस्तगीर. वाघबिळाच्या चढाला समोरून येणारी एसटी आमच्याकडे बघून आपणहून कडेला झाली. स्कूटर पन्हाळ्यावर ओळखीच्या झुणका-भाकरवाल्याकडे लावली. तिथं शंभरेक रुपयांत दोघांचं पोट भरलं, ठेचा जाईल तेवढा फुकट.

मग म्हाळुंग्यावरून मसाई पठार. जाणार असाल तर पाणी पन्हाळ्यावरच भरून घ्या, मेमध्ये वर थेंब मिळत नाही. पठार नुसतं पसरलेलं, वाळकं गवत आणि वारा. मला तिथं दरवेळी कारण नसताना आनंद होतो. दस्तगीरला होत नव्हता, कारण पहार त्याच्या खांद्यावर होती. पठार उतरेपर्यंत त्यानं माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली.

वाडीवर पोचलो आणि माझा बाण लांबूनच दिसला. शेताच्या तोंडाशी दोन माणसांना हलेल एवढा दगड, त्यावर पांढरा शुभ्र, काल काढल्यासारखा. बाणापुढे कोरडं खाचर, आणि त्याच्या मधून पलीकडे गेलेली मळलेली पाऊलवाट. वाट तर सरळच आहे की, असं मला क्षणभर वाटलंही.

शालनकाकी गोठ्यातून आल्या. साठीच्या, सडसडीत, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावर जाईल असा. पाणी दिलं, गूळ दिला, मग सुरू झाल्या. उन्हाळ्यात ह्या रिकाम्या शेतातून सगळी वाडी आडवी जाते. जुलैत तिथं भाताची लावण असते, तेव्हा वाडीचा माणूस बांधावरून वळसा घालतो. पण शहरातले येतात बाण बघून. शेकडो बूट ताज्या रोपातून जातात. अर्ध्या खाचराचं भात दरवर्षी चिखलात, आणि वर्षाचं खाणं त्यातच. बाणावर त्यांनी दरवर्षी शेण लिंपलं. दरवर्षी पावसानं शेण धुऊन बाण उजळ केला.

मग माझ्या ध्यानात आलं. मे महिन्यात येऊन, जुलैत चालणाऱ्यांसाठी, मी भाताच्या शेतातून रस्ता दाखवला होता. वाडीत कुणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"ज्यानं ह्यो बाण काढलाय," काकी म्हणाल्या, "त्येला एकदा लावणीला हितं हुबा करायचा हाय मला."

दस्तगीर आभाळाकडे बघू लागला. मी गूळ गिळला आणि म्हणालो, "काकी, मीच काढला. रंगबी माझ्याच दुकानचा."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "रंग चांगला हाय, पावणं. माणूस कसा हाय ते आता बघू की."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

दस्तगीरनं बांधाच्या कडेनं फिरून जागा पाहिली. ओढ्याच्या बाजूला चिखल होतो, म्हणूनच शहरी बूट बांधावर येत नाहीत, तिथं पाय ठेवायला दगडी टप्पे लागतील, असा त्याचा निकाल. दगड ओढ्यात, माणसं वाडीतली, त्यांची मजुरी मंडळानं द्यायची. पाटीच्या पैशांत हे बसत होतं. पहिला दगड त्यानं तेव्हाच बसवला. माझाच. दोघांनी पहार घालून तो उपटला, उलटा केला, आणि बाण जमिनीत तोंड खुपसून पडला. काकींनी त्यावर उभं राहून तो डगमगत नाही ना ते पाहिलं. काटे टाकणार नाही म्हणाल्या, पण अट घातली: जुलैत मी स्वतः तिथं उभं राहायचं.

बैठकीत पाटीवाले रुसले, पण पैसे दिले. जूनच्या आत सतरा टप्पे बसले.

जुलैत मंडळ पुढं गेलं आणि मी इरलं पांघरून खाचराच्या तोंडाशी थांबलो, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. "डावीकडनं, बांधावरनं." आमचेच लोक हसत होते. पुण्याचा एकजण म्हणाला की त्याच्याकडच्या माहितीत वाट सरळ आहे. ती माहितीही माझ्याच बाणावरून आलेली, असं मी त्याला सांगितलं. काकी लावण करत होत्या. दोनदा त्यांनी चहा पाठवला. पावनखिंड काही झाली नाही. मलकापूरला जाऊन एसटीनं घरी आलो, तेव्हा आवाज पार बसला होता.

दिवाळीच्या सुमारास दूधवाल्यानं निरोप आणला: पुऱ्या खाचराचं भात निघालं.

बसलेला आवाज तेव्हाच आठवड्यात सुटला होता. परवा एक गिऱ्हाईक आलं आणि विचारू लागलं, हा रंग किती वर्षं टिकतो. पूर्वी मी छाती काढून सांगायचो की दहा वर्षं हलणार नाही. आता आधी विचारतो, कुठं लावणार आहात.