पालीच्या रस्त्यावरील काटे

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान आपोआप खाली जाते. सेवेत असताना खून पाहिले, दरोडे पाहिले. लाज मात्र एका सायकल शर्यतीच्या प्रकरणाने वाटली.

मराठवाड्यातून जाणारी ती शर्यत त्या वर्षी बीड जिल्ह्यातून सुरू व्हायची होती. प्रारंभाचा मान कोणत्या गावाला द्यावा, हे ठरविण्यासाठी आयोजकांनी एक समिती नेमली होती. शेवटी दोनच गावे उरली. एक बिंदुसरा धरणाजवळचे पाली आणि दुसरे एक बाजारगाव, ज्याचे नाव मी लिहिणार नाही. दोन्ही गावे माझ्याच ठाण्याच्या हद्दीत होती. बाजारगावात जुने शिवालय आहे. बालपणी वेदपाठशाळेत झालेले माझे अध्ययन तेथील मंडळींना ठाऊक असल्याने ती मला सोमवारी रुद्रपठणाला आग्रहाने बसवीत. खाकी उतरवून सोवळे नेसलो की कोणीतरी हमखास म्हणे, "साहेब, आज चौकशी कोनाची? नंदीची का?"

महाशिवरात्रीनंतर समिती पालीला आली. रस्ता पारखण्यासाठी काही सायकलपटू धरणाकडून निघाले. एका वळणावर पुढच्या सायकलींची चाके एकदम बसली आणि परजिल्ह्यातली एक मुलगी डांबरावर आदळली. तिच्या खांद्याचे हाड मोडले. वळणभर काटे पसरलेले होते. मी गुन्हा नोंदवून घेतला, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि फुटलेली चाके मुद्देमाल म्हणून जप्त केली.

त्याच दुपारी खबर मिळाली. खबर देणारे गृहस्थ बाजारगावचे मोठे किराणा व्यापारी आणि देवस्थानाचे विश्वस्त होते. शिवरात्रीला मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ते म्हणाले, "साहेब, वळनाला लागूनच एका मेंढपाळाचा तळ हाय. काट्याचं कुंपन त्यानं रस्त्यावरूनच वढीत नेलं आसंल. दुसरं कोन?"

माहिती खोटी वाटावी अशी नव्हती. मेंढपाळ रात्री शेतात मेंढ्या बसवितात; शेताला खत मिळते, त्यांना धान्य मिळते. कोकरांभोवती काटेरी फांद्या रचलेल्या असतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतली नव्हती, त्यामुळे त्या बाजूला दुसरा साक्षीदारही नव्हता. मेंढपाळाला ठाण्यात आणले. हवालदाराने आवाज चढविला, "खरं सांग बे! काटे कावून टाकले?"

"मी कावून टाकीन? माजी मेंढरं त्याच वाटंनं पान्याला जात्यात. तुमच्या सायकलीला टायर तरी हाय, माज्या मेंढराला काय बूट घातलेत व्हय?"

हवालदाराला हसू आवरले नाही. मेंढपाळ मात्र हसत नव्हता. "साहेब, लवकर सोडा," तो मला म्हणाला. "एकदा नाव गेलं की वावरात कोनी बसू देत न्हाई. मंग मेंढरं घेऊन जावं कुठं?"

मी पंचांसमोर चिमट्याने चाकातील काटे काढावयास बसलो. बाभळीचा काटा लांब आणि पांढरट असतो. हे काटे आखूड, सरळ आणि हिरवट होते. एकाला डहाळीचा तुकडा चिकटलेला होता आणि त्यावर एक सुकलेले त्रिदल होते. ते बेलाचे काटे होते. शिवरात्रीला लक्ष बिल्वार्चनासाठी पाने खुडताना तेच काटे माझ्या बोटांत रुतले होते, आणि ते ठसठसणे अजून गेले नव्हते.

पालीच्या त्या रस्त्याला बेलाचे एकही झाड नाही. बेलाची बाग आहे ती शिवालयामागे. पाने खुडून उरलेल्या काटेरी डहाळ्या तेथे एका कोपऱ्यात रचून ठेवतात. देवकार्यातील वस्तूवर कोणाचा पाय पडू नये, म्हणून पुढे त्या वाहत्या किंवा खोल पाण्यात सोडण्याची रीत आहे. मी गेलो तेव्हा कोपरा रिकामा होता. गुरवांना विचारले.

"शेटजीच पोती भरून घेऊन गेले की," ते म्हणाले. "म्हनले, पालीच्या धरनात सोडून येतो. लई पुन्याचं काम, म्हनून म्या बी हात लावला पोत्याला."

विश्वस्तांना ठाण्यात बोलाविले. ते खुर्चीवर बसले; मेंढपाळ भिंतीशी उकिडवा बसला होता. मी कागदावर ती डहाळी ठेवली. त्यांनी सवयीने तिला हात लावून तो कपाळाकडे नेला, आणि हात मध्येच थांबला.

"पाण्यात सोडलात?" मी विचारले.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "गावासाठी केलं, साहेब. शर्यत आपल्या देवळाच्या दारातून सुटली असती. सगळ्या मुलखाला टीव्हीवर कळस दिसला असता. टायर फुटतील, समितीला रस्ता खराब वाटंल, एवढंच मनात व्हतं. पोरगी पडंल असं वाटलं न्हाई."

"आणि हा माणूस?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "त्यो काय, फिरस्ता. आज हितं, उद्या दुसऱ्या गावाला."

अनेक गुन्हेगारांचे कबुलीजबाब मी ऐकले आहेत. हे वाक्य अशा मुखातून आले होते, ज्या मुखासोबत मी चार दिवसांपूर्वी रुद्र म्हटला होता. संध्याकाळी देवस्थानाची मंडळी आली. "साहेब, तुमीबी आपलेच. देवाची अब्रू ऱ्हाऊ द्या." मी त्यांना सांगितले की देवाची अब्रू रस्त्यावर आपणच पसरली आहे, आणि विश्वस्तांना रीतसर अटक केली.

मेंढपाळाला सोडताना मी हात जोडले. तो उठला नाही. "सोडून दिलं, असं म्हनतील लोक. यानं केलं नव्हतं, असं कोनी म्हननार न्हाई. तुमी पालीला येऊन सांगा."

मी गणवेशात गेलो. पारावर लोकांना बोलावून स्पष्ट सांगितले, याचा काहीही दोष नाही. ज्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी तळ उठवायला लावला होता, तो खाली बघत म्हणाला, "चुकलं आमचं. बसव बाबा वावरात." मला समाधान वाटले. तेवढ्यात मेंढपाळाची बायको कोकरू कडेवर घेऊन पुढे आली. "साहेब, बोलनं तर पुडच्या गावात कवाच गेलं. तितंबी येता का?"

गेलो. तेथेही तेच सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक वृद्ध शेतकरी, मनात कसलेही कपट नसलेला, म्हणाला, "साहेब, यानं काईच केलं न्हाई, तर मंग एवढा मोठा फौजदार गावोगाव सांगत कावून फिरतो?"

शर्यत शेवटी पालीहूनच सुटली. बंदोबस्तात मी त्याच वळणावर उभा होतो. दोन्ही बाजूंना माणसे टाळ्या वाजवीत होती. मेंढ्यांचा तळ तेथे नव्हता. त्या वाटेने तो मेंढपाळ पुन्हा आलाच नाही, असे पुढे समजले.

या प्रकरणाने मला एवढे शिकविले की निर्दोष माणसाला कोठडीतून बाहेर काढणे कायद्याच्या हाती असते. लोकांच्या मनातून बाहेर काढण्याचे कलम मला कोठेही सापडले नाही. आणि त्या मनात त्याला घालणारे हात आमचेच होते, पूजेने पवित्र झालेले, असे आम्ही समजत होतो ते.