आल्टेच्या नावाची मेणबत्ती

मिंडल श्रायर लेखिका झाली ती साठी उलटल्यावर. त्याआधी माँट्रियालमधल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून तिनं लोकांना तारखा दिल्या. लग्न केलं नाही. आई-वडील नाझींच्या छावणीतून वाचून इथं आले होते, पण त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. ते दोघं गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मिंडल दुसऱ्यांच्या घरी जाऊन ऐकू लागली. युद्धात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात लपून वाचलेली मुलं आता म्हातारी झाली होती. त्यांचं बोलणं ती टेपवर घ्यायची, संध्याकाळी उकडलेला बटाटा खात एकटीच पुन्हा ऐकायची आणि मग लिहायची.

तिचा एकच नियम होता: सांगणाऱ्याला दुरुस्त करायचं नाही. एका गृहस्थांनी जूनमध्ये बर्फ पडल्याचं सांगितलं होतं. मिंडलनं सहज विचारलं, "जूनमध्ये?" ते जे गप्प झाले ते अखेरपर्यंत. त्यांचं प्रकरण पुस्तकात आलंच नाही.

ब्रोनियाच्या बाबतीत मात्र हा नियम पाळणं तिला जड गेलं.

ब्रोनिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गळ्याशी कायम रुमाल बांधलेला, जीभ तिखट. तीन वर्षांची असताना एका पोलिश बाईनं तिला ज्यूंच्या कोंडवाड्याच्या कुंपणावरून उचलून नेलं. ब्रोनिया हे नावही त्या बाईनंच ठेवलेलं. आईची भाषा ती विसरली. कानात उरला एकच शब्द. आई रडत पुन्हापुन्हा म्हणत होती, "आल्टे, आल्टे." पुढे कॅनडात आल्यावर शिवणकामाच्या कारखान्यात तिला कळलं की यिद्दिशमध्ये, म्हणजे आईच्या भाषेत, आल्टे म्हणजे म्हातारी.

"म्हणजे आईला आजीला वाचवायचं होतं," ब्रोनिया सांगायची. "त्या बाईनं आपली हाताला लागली ती उचलली. मी आजीच्या जागेवर जगले, लेखिकाबाई. गेलेल्यांसाठी लावतात तशी तिच्या नावानं दर वर्षी मेणबत्ती लावते."

पहिल्या बैठकीत आजीला चेहरा नव्हता. दुसऱ्या वेळी तिच्या अंगावर तपकिरी शाल आली, तिसऱ्या वेळी शालीला गोंडे आले. मिंडलनं ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.

प्रकरण वाचून दाखवायला ती गेली, त्या दिवशी ब्रोनियाच्या घरात हीटर फार तापला होता. ब्रोनियानं रुमाल सोडला. गळ्याच्या खळगीत जुना, आडवा व्रण होता.

"हे काय झालं होतं?"

"घटसर्प. श्वास कोंडला की गळ्याला छेद द्यायचे. त्या बाईकडे आले तेव्हाच होता म्हणे. तान्ही असताना मरता मरता वाचले असेन. बघतेस काय अशी? वाच की!"

मिंडलला वाचवेना. तिच्या मामाचं नाव आल्टर होतं, म्हणजे म्हातारा. सहा महिन्यांचा असताना तो विषमज्वरातून उठला, तेव्हा ठेवलेलं. पोर दगावायला आलं की घरचे त्याला म्हातारा, मुलगी असली तर आल्टे, म्हातारी, म्हणू लागायचे. मृत्यूचा दूत लेकरू शोधत आला तर त्याला तिथं म्हातारं माणूस दिसावं आणि त्यानं माघारी जावं, म्हणून. ब्रोनियाला हे कोण सांगणार? ती वाढली पोलिश घरात, नवरा ग्रीसमधल्या सालोनिकाचा ज्यू, तिकडची बोलीच वेगळी, त्याला यिद्दिशचं अक्षर येत नव्हतं.

गप्प राहिलं तर ब्रोनियाची आजी राहत होती. बोललं तर आई परत मिळत होती, पण आजी जात होती. सबंध आयुष्यात या बाईला माहेरचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

"ब्रोनिया," मिंडल म्हणाली, "मी आज नियम मोडणार आहे. रागावलात तरी चालेल." आणि तिनं मामाची गोष्ट सांगितली.

ब्रोनियानं ती अर्ध्यावरच तोडली. "थांब. म्हणजे आल्टे मीच?"

"मला तसं वाटतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच नावानं मेणबत्ती लावतेय?" ती हसत सुटली. ठसका लागेपर्यंत हसली. "अगं, जिवंतपणी स्वतःला उजेड दाखवणारी बाई पाहिलीस का कुठं?" मग एकदम थांबली. "आणि आजी? ती शाल?"

"असेलही आजी. मला ठाऊक नाही."

"तुला नाही, मलाही नाही." ती रुमालाची घडी घालत राहिली. "पण आई मलाच न्या म्हणत होती."

"हो."

"आणि मी एवढी वर्षं तिच्यावर फुरंगटून बसले." तिनं घातलेली घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "आल्टे हे तर फसवायचं नाव झालं. माझं खरं काय होतं?"

"ते घरात कुणी उच्चारायचंच नाही, अशी रीत होती. मृत्यूच्या कानावर जाऊ नये म्हणून."

"त्याच्या कानावर गेलं नाही खरं. कुणाच्याच गेलं नाही." ब्रोनियानं टेप बंद करायची खूण केली. "हाक मार मला. आई मारायची तशी."

ती आई कशी हाक मारायची, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. मिंडलची आजी मामाला बोलवायची ती शेवटचं अक्षर लांबवून, असं तिनं आईकडून ऐकलं होतं. तशीच तिनं हाक मारली, "आल्टेऽऽ."

ब्रोनियानं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली. "नाही. अशी नव्हती. पुन्हा मार."

मिंडलनं पुन्हा हाक मारली, या वेळी थोडी हळू.