थ्री-नॉट-थ्रीची आंघोळ

नंबरांचा घोळ मला आजही नीट सुटलेला नाही, हे आधीच कबूल करून टाकते. कॉव्हेंट्रीच्या रायफल क्लबात मी पहिल्यांदा गेले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आमच्या हॉस्पिटल लॅबमधल्या एका सहकारिणीच्या नादाने. ती दोनदा येऊन सुटली, मी अडकले. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत मी थ्री-नॉट-थ्री एकदाच चालवली होती. खांदा आठवडाभर काळानिळा होता, आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच, आणि तरी हात शिवशिवायचे थांबले नव्हते.

क्लबात गेल्यावर कळलं की जग पुढे गेलंय. टार्गेटवाले बहुतेक जण सात-पॉइंट-सहा-दोन वापरत. काही जण जवळजवळ त्याच काडतुसाला थ्री-ओ-एट म्हणत, कारण एक माप मिलिमीटरमध्ये आणि दुसरं इंचात. दूध पाइंटात आणि औषध मिलिलिटरमध्ये देणारा देश, तेव्हा एवढं चालायचंच, असं मी मनाला समजावलं. पण मग थ्री-ओ-एटची गोळी थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जाड असणार ना? तर नाही. उलट जुन्याचीच गोळी केसभर जाड. का, विचारलं तर दोघांनी दोन कारणं सांगितली आणि मग ते आपसातच वाद घालत चहा घ्यायला गेले. मी वहीत दोन्ही कारणं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ती वही प्रश्नचिन्हांनीच भरली.

मला शिकवायचे एक निवृत्त गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, बायको गेलेली, मुलगा कॅनडात आणि त्याला बंदुकीचा तिटकारा. त्यांची थ्री-नॉट-थ्री त्यांच्याकडे तरुणपणापासून होती आणि क्लबाच्या लोखंडी कपाटात असायची. डोळे अधू होत चालले होते. 'चष्मा बदलायचाय' एवढंच ते म्हणत, पण लायसन्स पुन्हा काढणार नाही हेही एकदा सांगून बसले. ते संपायच्या आत कुणी ती आपल्या लायसन्सवर घेतली नाही तर पोलीस ती नेऊन कापून टाकतील. जो तिला सांभाळेल त्याला देईन, म्हणाले. मला ती हवी होती. एखादी वस्तू अशी हवी वाटणं माझ्या आयुष्यात दोन-तीनदाच झालंय, आणि त्यातली एक ही.

सांभाळणं म्हणजे काय, तर आंघोळ. गोळीबार झाला की मास्तर चहाच्या खोलीतली किटली लावत, पत्र्याचं एक जुनं नरसाळं नळीच्या मागच्या तोंडाला लावत आणि उकळतं पाणी आत सोडत. मग दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची, ती कोरडी निघेपर्यंत. मग तेल. बाकीचे चहासाठी ताटकळत उभे राहत आणि किटलीकडे बघून उसासे टाकत. मी लाजेने अर्धी व्हायची.

मोटारीच्या कारखान्यात काम करणारा एक मेंबर होता, दर शरदात स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जाणारा. त्याची रायफल टू-फोर-थ्री. गोळी बारकी, हलकी, पण सुसाट, खांद्याला धक्काही कमी. तो म्हणे, तुमची जुनी गोळी जड आणि आळशी, लांब गेली की खाली बसते. मास्तर म्हणत, हरणाला वेग कळत नाही, गोळी कुठे लागली ते कळतं. मला दोघांचंही पटायचं. त्या शिकाऱ्यानेच मला सांगितलं की पाणी घालणं हे जुन्या काळचं खूळ आहे, नवी काडतुसं वापरलीस तर काही धुवायला नको.

तर एके दिवशी मास्तरांनी तुलना करायची ठरवली. त्याच रायफलमधून आधी पाच जुनी, लष्करातून उरलेली काडतुसं, आणि मग दहा नवी, दुकानातल्या खोक्यातली. दोन्ही थ्री-नॉट-थ्रीच. दिसायलाही सारखी, फक्त जुन्याच्या बुडाला, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती, जांभळी कड. जुन्याच्या आत दारूच्या शेवयांसारख्या काड्या असतात, नव्याच्या आत दाणे, हे त्यांनी एकेक काडतूस उघडून मला आधीच दाखवलं होतं. जुनी काडतुसं चाप ओढल्यावर किंचित रेंगाळल्यासारखी वाटली आणि टार्गेटवर पसरली. नव्या दहांतली आठ एका बशीखाली झाकता आली असती. मला वाटलं होतं मास्तर हिरमुसतील, पण ते खूश. का खूश, हेही मला कळलं नाही. तेवढ्यात त्यांना न्यायला शेजारी गाडी घेऊन आला, डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ होती. जाता जाता, पाणी घाल, म्हणाले.

आता त्या दिवसाची सकाळ सांगायला हवी. सासूबाई वर्षभरासाठी आमच्याकडे आल्या होत्या, सोवळ्याओवळ्यासकट. त्यांची सोवळ्याची धाबळी रेडिएटरवर वाळत होती आणि नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या माझा हात तिला लागला. मी लॅबमध्ये रक्त-लघवी हाताळणारी बाई, त्यामुळे धाबळी पुन्हा पाण्यात, मी बाथरूममध्ये आणि त्यांची पूजा दीड तास लांबली. ह्यांनी पेपरात तोंड घातलं, ते काढलंच नाही. मी धुमसत क्लबात आले होते. आणि आता इथेही याला शिवलीस म्हणून आंघोळ, त्याला शिवलीस म्हणून आंघोळ? एका घरात एक सोवळं पुरे. शिवाय दहा गोळ्या नव्या होत्या आणि त्याच शेवटी झाडल्या होत्या. जुन्याचं काही राहिलं असलंच तर नव्यांनी ते नेलं असणार, असं मी ठरवलं. कोरडी चिंधी दोनदा ओढली, तेलाचा हात फिरवला आणि रायफल कपाटात गेली. बाकीच्यांना चहा लवकर मिळाला. मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं.

दोन आठवड्यांनी रिकाम्या पुंगळ्यांचा डबा आवरत होते. पाच पुंगळ्यांच्या बुडाला ती जांभळी कड. मी रायफल काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं. मध्यावर तपकिरी डाग, मसुराएवढा. घासलं, तेल घातलं, पुन्हा घासलं. डाग गेला, खाली खडबडीत खाच राहिली.

संध्याकाळी लायब्ररीतून पुस्तक आणलं. जुन्या टोपीतलं रसायन जळलं की मागे क्षार राहतो, मिठाचाच भाऊबंद. तो हवेतला ओलावा ओढतो, लोखंड खातो. तेलाने तो हलत नाही, पाण्यातच विरघळतो. वर कितीही नव्या गोळ्या झाडा, तो तिथेच. आणि हे मी, जिचं पोट क्षार मोजण्यावर चालतं, ती पुस्तकात वाचत होते. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. सासूबाईंच्या धाबळीत मीठ नव्हतं, ह्या नळीत होतं, एवढा साधा फरक मला रागात दिसला नाही.

मास्तर पुढच्या महिन्यात आले, कागद घेऊनच. पोलिसांकडून माझ्या लायसन्सवर ह्या रायफलीसाठी जागा झाली होती. त्यांनी रायफल हातात घेतली, नळी खिडकीकडे धरली आणि बराच वेळ आत पाहिलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग कळलं काय झालंय ते. त्यांना दिसत नव्हतं. एवढी खाच, खिडकीचा उजेड, आणि त्यांना दिसत नव्हती. आता मी माझी चूक सांगायची म्हणजे त्याच वाक्यात त्यांना सांगायचं की तुमचे डोळे गेले. आणि नाही सांगायची म्हणजे खोटेपणाने त्यांची रायफल घ्यायची. कुठलं जास्त वाईट, हे मला ठरवता येईना. त्यांनी सवयीने दोरीला चिंधी बांधली, नळीतून ओढली, मध्ये थांबले. पुन्हा ओढली. मग कागदावर सही केली आणि पिशवीतून ते पत्र्याचं नरसाळं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे आता तुझ्याकडे राहू दे. नवी असोत, जुनी असोत, पाणी घालत जा."

मी हो म्हटलं. नरसाळं पिशवीत ठेवलं.

त्यानंतर मी किटली कधी चुकवली नाही. लोक उसासे टाकत, टाकोत बापडे. मास्तर दोन वर्षांनी गेले. मी शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही आणि त्यांच्या अंत्यविधीला मागच्या बाकावर बसून चोरासारखी रडले. त्यांना फसवलं, ही गोष्ट मी नव्वदीच्या दशकातही बरोबर घेऊन हिंडत होते. चिंधी ओढताना मधोमध हाताला अडखळ जाणवे. मला वाटे, मला ठाऊक आहे म्हणून जाणवते.

मग एका वर्षी लंडनजवळच्या हॅरोहून बदलून आलेली एक मराठी डॉक्टरीण क्लबात आली. बंदूक उभ्या जन्मात पहिल्यांदाच बघत होती. तिलाही तेच नंबर, तोच गोंधळ, आणि मलाही तिला धड सांगता येईना. म्हटलं, ते राहू दे, आधी नळी साफ करायला शिक. नरसाळं लावलं, पाणी सोडलं, चिंधी बांधून दोरी तिच्या हातात दिली. ती माझ्याशी बोलत बोलत, दुसरीकडेच बघत ओढायला लागली आणि मधेच थांबली.

"ताई, इथे काहीतरी लागतंय हाताला."

दोरी हातात धरून तिला मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मास्तरांनी ती पन्नास वर्षं ओढली होती, आणि त्या दिवशी, सही करायच्या आधी, दोनदा.