मंजूची अडखळती गाडी

"मावशी, आई गेला," ईशा फोनवर म्हणाली. मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या या मुलीच्या मराठीत बाईचा पुरुष कधी होईल याचा नेम नसतो. मी सवयीने म्हणूनही गेले, "गेली म्हणायचं गं." आणि वर विचारलं, "कुठे गेली?" पलीकडून नुसता श्वास ऐकू आला... मग मला कळलं. की कळलं नाही? मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटच्या पुढे गाडी कडेला घेऊन मी बसून राहिले आणि मंजूला फोन करून हे सांगायला हवं, असंच काही वेळ मनात येत राहिलं. मंजू म्हणजेच ईशाची आई. आपल्या दवाखान्यातलं काम उरकून ती दुपारी घरी आली होती, चहासाठी केटल लावली होती, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन तिथेच कोसळली. आज या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी माझा गोंधळ कमी झालेला नाही.

मंजू आणि मी पुण्यात एका गल्लीत वाढलो. ती मेडिकलला गेली, मी मेकॅनिकलला. पुढे दोघीही इंग्लंडात आलो. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलं आणि पान्याला हात लावला नाही, ती मँचेस्टरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झाली. तिचा घटस्फोट झाला, ईशा युनिव्हर्सिटीत गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर या बाईने स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका खेड्यात नोकरी घेतली. थंडीने मोज्यांवर मोजे चढवणारी मंजू! एक हिवाळा काढून मुकाट परत येईल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती आली नाही.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ईशाने मला गळ घातली. "मावशी, तू आईला सांग ना, मँचेस्टरला ये म्हणून. माझं ऐकत नाही." म्हणून मी गेले. स्टेशनवर मंजू उभी होती, आणि मिठी मारायच्या आधीच म्हणाली, "तू मेकॅनिकलची ना? चल, तुला एक पेशंट दाखवायचाय."

पेशंट म्हणजे एक जुनी स्नोमोबील. पुढे बर्फावर घसरायच्या दोन फळ्या, मागे रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं सीट. शेजारचा मेंढ्यांवाला डंकन ती मोडीत काढत होता, मंजूने मागून घेतली. त्याच्या जमिनीवरून वर जाणाऱ्या वाटेवर मंजूच्या पेशंटांची दोन-तीन घरं होती आणि बर्फ पडला की रस्ता बंद व्हायचा. पंचाईत अशी होती की गाडी वेगात छान पळायची, पण हळू केली की आचके द्यायची. फट्... फट्... आणि बंद. "वाटेतल्या फाटकापाशी हळू करावंच लागतं," मंजू म्हणाली. "तिथे बंद पडली की मी बर्फात इंजिन सुरू करायची दोरी ओढत बसते."

आम्ही शेडचं दार उघडं टाकून कामाला लागलो. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. फरक नाही. स्पार्क प्लग बदलले, पाच मिनिटं बरं वाटलं, पुन्हा आचके. डंकन डोकावून म्हणाला, पेट्रोल जास्त जातंय. मी काढलेले प्लग कोरडे आणि पांढुरके होते, म्हणजे उलट पेट्रोल कमी आणि हवा जास्त. निदान पुस्तकात तसं होतं... चाळीस वर्षांपूर्वीच्या. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला. मंद गतीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक चिकट गाळाने बुजलेलं दिसलं. सफाईचा स्प्रे मारून, सायकलच्या पंपाने हवा मारून ते साफ केलं. थोडं सुधारलं, पण आचके होतेच.

त्या खटपटीत मी ईशाचा विषय काढला. मंजू म्हणाली, "तो दहाचा पाना दे." पुन्हा काढला. म्हणाली, "टॉर्च इकडे धर गं." टॉर्च धरली तेव्हा कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारी रबरी नळी वाकवल्यावर तिच्यात बारीक चीर दिसली. इंजिन चालू ठेवून मी चिरेवर स्प्रे मारला, तसा आवाज बदलला. तिथूनच हवा आत शिरत होती! वेगात एवढीशी हवा खपून जाते, हळू चालताना तीच इंजिनाला भारी पडते. मला इतका आनंद झाला की मी थंडीत टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन आला. वरच्या घरातल्या मोरॅगचा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा. त्यांची साखर खाली गेली होती आणि बोलणं तुटक येत होतं. अँब्युलन्सला बर्फातून वर यायला वेळ लागणार होता. मंजूने चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली, बॅग पाठीला लावली. "नाही चालली तर?" मी विचारलं. "मग चालत," म्हणाली आणि गेली. मी दारात कान लावून उभी. फाटकापाशी आवाज खाली आला, खाली आला... आता बंद पडणार... पण तो तसाच मंद चालत राहिला, आणि पुन्हा चढत वर गेला.

मोरॅगबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी नीट बांधावी म्हणून आम्ही ती सोडली आणि सहज इंजिन सुरू करून पाहिलं. पट्टीशिवायही ते सुरेख चाललं. मी चक्रावले. मग बिघाड होता कुठे? मंजू हसली. "काही पेशंट असेच बरे होतात. श्रेय डॉक्टर घेतो." ती हसत असतानाच मी शेवटचं विचारून घेतलं, "मंजू, तू का राहतेस इथे?" ती हातमोजे काढत म्हणाली, "तिकडे मी ईशाची आई असेन. इथे मी..." आणि थांबली. केटल शिट्टी घालत होती, ती उठून आत गेली. ते वाक्य मी अजून पुरं करून बघते. दर वेळी वेगळं होतं.

मागच्या आठवड्यात ईशा आणि मी मंजूचं घर आवरायला गेलो. मोरॅगबाई काठी टेकत खाली आल्या आणि ईशाचा हात धरून मंजूच्या आठवणी सांगत बसल्या. ईशा मला म्हणाली, "मावशी, हे लोक आईला किती ओळखतात. मी एवढं नाही ओळखत."

शेडमध्ये फळीवर एक पाकीट होतं. आत नवी कोरी रबरी नळी. डंकन म्हणाला, गाडी दोन्ही हिवाळे जुन्याच नळीवर विनातक्रार चालली. मग मंजूने ही मागवली कशाला? आणि मागवली तर बसवली का नाही? मी पाकीट परत ठेवायला निघाले, तेवढ्यात ईशा म्हणाली, "बसवू या का आपण?"

दारं सताड उघडली. ईशाने पाने दिले, मी स्क्रू आवळले, तिने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि मंद, एका लयीत चालू लागलं. ईशाने मान तिरपी करून ऐकलं. "मावशी, हे बरोबर आवाज आहे का?"

आधीचा आवाज जास्त चांगला होता की हा... बाहेर बर्फ केव्हाच वितळला होता, गाडी कुठेही जाणार नव्हती. तरी आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो, आणि ती बंद करायला कोणीच हात पुढे केला नाही.