अक्काने सांगितलेलं वय

आमच्या घरात एक काळ असा होता की चहाबरोबर वयच चघळलं जायचं. माझे यजमान विमान चालवायचे. आधी हवाई दलात होते, मग एका प्रवासी कंपनीत लागले आणि कॅप्टन झाले. ह्यांना मी आयुष्यभर ‘हे’च म्हणत आले, इथेही तेच म्हणते. कंपनीचा नियम होता, अठ्ठावन्न पूर्ण झाली की घरी. वैमानिकांच्या संघटनेचं म्हणणं, साठ करा. आणि ह्या मागणीत सगळ्यात पुढे कोण, तर हे. दर रविवारी नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार-पाच कॅप्टन जमायचे आणि माझ्या पोह्यांचा फडशा पाडत कंपनीला शिव्या घालायचे.

“दर सहा महिन्यांनी डॉक्टर आमचे डोळे, कान, हृदय सगळं तपासतो. तो पास म्हणतो, मग नापास करणारं कॅलेंडर कोण?” हे विचारायचे. बाकीचे माना डोलवायचे. का नाही डोलवणार, सगळेच पन्नाशीच्या पुढचे!

एकदा एक तरुण को-पायलट आला होता. त्याने खाली मान घालून पोहे संपवले. शेवटी म्हणाला, “सर, राग मानू नका. पण तुम्ही उठल्याशिवाय आम्ही डावीकडे बसणार कधी?” विमानात डावीकडची खुर्ची कॅप्टनची. मला मात्र पोरगं आवडलं. मी त्याला पुन्हा पोहे वाढले, वर जरा जास्त खोबरं घातलं. मी फितूर झाल्यासारखे हे माझ्याकडे बघत होते.

होतेच मी फितूर. मला हे घरी हवे होते, त्यात लपवायचं काय? मुलीच्या बारशाला हे मद्रासला अडकलेले. तिला कांजिण्या आल्या तेव्हा कलकत्त्यात. रेडिओवर ‘विमान’ एवढा शब्द ऐकला तरी माझ्या हातातलं लाटणं थांबायचं, पुढची बातमी कळेपर्यंत पोळी तव्यावर करपायची. अशा करपलेल्या पोळ्या मी किती खाल्ल्या ते माझं मला माहीत. पण हे बोलायची सोय नव्हती. विमान सोडून ह्या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. साधा पंख्याचा रेग्युलेटर बदलता यायचा नाही.

कागदावर सहा महिने उरले, साठीची मागणी काही मान्य होईना, तेव्हा ह्यांच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं.

“माझी जन्मतारीख एक जून आहे,” हे म्हणाले.

“मग? दर वर्षी शिरा करते की मी.”

“अगं, आमच्या गावात निम्म्या लोकांची एक जूनच आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली. पोरगं सहा वर्षांचं झालेलं नसलं तरी सहा लिहून मोकळे व्हायचे. मी खात्रीने लहान असणार. निदान दोन वर्षांनी.”

खात्री कुठून आली देव जाणे. पण माणूस बुडायला लागला की त्याला काडीसुद्धा ओंडका वाटते. हे साताऱ्याकडच्या आपल्या गावी जाऊन आले. चावडीतल्या जुन्या जन्मनोंदीच्या वहीची ती पानं वाळवीने खाल्लेली. वाशीचा वकील म्हणाला, नोकरीच्या शेवटी वय कमी करायला आलेल्या माणसाला बघून कोर्ट हसतं. तरी घरातल्या कोणी वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असेल तर बघू.

वडीलधारं एकच उरलं होतं, ह्यांची थोरली बहीण, अक्का. ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, अक्का लहान वयात विधवा होऊन तान्ह्या मुलासकट माहेरी परतली, आणि ह्यांना तिनेच वाढवलं. आता तो मुलगा बाजारात माथाडी होता आणि अक्का त्याच्याकडे कोपरखैरण्याला राहायची. आमच्यापासून गाडीने अर्धा तास. तरी ह्यांची भेट व्हायची ती दिवाळीला, तीही उभ्या उभ्या.

त्या दिवशी मात्र हे चांगले बसले. टाइप केलेला कागद आणि शाईचा डबा काढला. मी वाचून दाखवलं, माझा भाऊ दाखल्यावरच्या तारखेपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, वगैरे. अक्काला लिहिता येत नव्हतं, अंगठा द्यायचा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात पदराखाली नेला.

“ल्हान न्हाईस तू, मोठा हाईस,” ती म्हणाली.

“काय?”

“घरात गुरं राखायला कुनी नव्हतं. तुला शाळंत घालायला दोन वर्सं उशीर झाला. मास्तर म्हनला, एवढा घोडा बिगरीत कसा बसवू? मी म्हनलं, मास्तर, अंगानं थोराड हाय, वयानं ल्हानच हाय. सहा लिवा. आठ सरलेली तुला तवा.”

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मला आधी हसू आलं, मग मी बोटांवर हिशेब केला. म्हणजे कागदावर साडेसत्तावन्न असलेले हे खरे साडेएकोणसाठ! कंपनीच्या नियमाने दीड वर्षापूर्वीच घरी बसायला हवे होते. संघटनेची साठी मिळाली असती तरी खऱ्या वयाने सहाच महिने उरले असते.

“अक्का, हवाई दलात भरती झालो तेव्हा वयाची अट होती,” हे अगदी हळू म्हणाले. “मी त्यात जेमतेम बसलो होतो.”

“बसलास न्हवं? मग झालं की,” अक्का म्हणाली. “तवा तुला घराबाहेर काडायचं हुतं म्हनून खोटं बोलले. आता न्हाई बोलायची. किती वर फिरशील, लेका? आता घरी ये.”

परत येताना पाम बीच रोडवर ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, “दोन वर्षं मागायला गेलो होतो. ती तर मी आधीच घेऊन बसलोय.”

पुढचे आठ दिवस आमच्या घरात उलटी गंगा वाहिली. साठीसाठी भांडणारे हे म्हणायला लागले, नियम म्हणजे नियम. आणि अठ्ठावन्नची बाजू घेणारी मी ह्यांना उडवायला निघाले! काय करू, माणूस डोळ्यांदेखत वाळायला लागला होता. समोर ताट असायचं आणि हे वाटीतल्या आमटीकडे बघत बसायचे.

“जिंकलात की तुम्ही!” मी म्हटलं. “दीड वर्ष नियमापलीकडे विमान चालवलंत आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरने तीनदा पास केलं. काल जे हात होते तेच आज आहेत. राहिले सहा महिने, उडवा गुमान.”

“काल मला माहीत नव्हतं,” हे म्हणाले.

एवढ्या एका वाक्यापुढे माझी सगळी वकिली आटपली. चिडले मी, भांडी आदळली. पण रागाच्या मागे काय होतं ते तेव्हाही मला ठाऊक होतं. ह्या माणसाशी लग्न झालं ह्याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका टोपीवरच्या सोनेरी पट्टीने कधी वाटला नव्हता.

हे खरोखरच वाशीच्या वकिलाकडे गेले, वय वाढवून मिळेल का विचारायला. वकील म्हणाला, असा अशील मी जन्मात पाहिला नाही, कॅप्टन, आणि ह्यालाही पुरावा लागतोच. शेवटी ह्यांनी घरगुती कारण लिहून राजीनामा दिला. संघटनेतले मित्र संतापले. आमचा पुढारीच पळाला, म्हणाले. हे ऐकून घेत राहिले. खरं कारण सांगावं असं त्यांना फार वाटायचं, आणि सांगितलं तर साठीची मागणी मोडेल की जोर धरेल, ते काही त्यांना ठरवता येईना.

राजीनाम्यानंतर आम्ही दोघं अक्काकडे गेलो. तिला सांगितलं, आता कायमची सुट्टी. ती हसली, पण ह्यांच्या मनात अजून सल होताच.

“अंगठा दिला असतास अक्का, तर अजून दोन वर्षं उडालो असतो गं,” हे म्हणाले. लहान मुलाने रुसावं तसे.

“व्हय. तुला दिली असती दोन वर्सं वाढवून,” अक्का म्हणाली. “आन मला कोन देनार हुतं?”

ह्यांनी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. साठीला आलेला माणूस हुंदके देऊन रडला, आणि मी दारात उभी राहून. अक्का नुसती ह्यांच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्यानंतर हे रोज सकाळी कोपरखैरण्याला जायला लागले. तिची औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, गवारीच्या शेंगा मोडायला बसणं, सगळं केलं. मीच कधीकधी ओरडायचे, तिकडेच बिऱ्हाड करा म्हणून. दीड वर्षाने अक्का गेली. झोपेतच गेली, हे उशाशी बसले होते.

मृत्यूची नोंद करायला आम्ही पालिकेच्या कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, “वय?”

“माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी,” हे म्हणाले.

“मग तुमचं सांगा.”

खिशात पासपोर्ट होता. वैमानिकाचा जुना परवानाही होता. दोन्हींवर एक जून, आणि त्या हिशेबाने वय एकोणसाठ. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग सरकारी वहीसमोर जन्मात पहिल्यांदा खरं वय बोलले.

“एकसष्ट.”

कारकुनाने मनात बेरीज केली आणि सत्तर लिहिलं.