दममामाची चढाई

दममामाला माणसं श्वासावरून ओळखू यायची. आवाजावरून, पावलावरून ओळखणारे पुष्कळ असतात. मी शाळा सुटल्यावर त्याच्या ओट्याला सायकल टेकवली की माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो म्हणायचा, "सुमे, आज तळ्याच्या चढावर उतरली नाई. हानतच आली." ते खरं असायचं. एकदा म्हणाला, "घरी जाय अन् काढा पी. उद्या पडते तू." मी हसले. दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून हेडमास्तरांना रजेचा अर्ज लिहिला.

तो माझा सख्खा मामा नव्हता. आदिलाबादकडच्या मुधोळच्या बाजूला आमचं गाव, कापसाचं आणि ज्वारीचं. अर्धी घरं मराठी, अर्धी तेलुगू. 'मामा' हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तो सगळ्यांचाच मामा होता. लहानपणी त्याला देवी आल्या आणि डोळे गेले. ओट्यावर बसून अंबाडीचे दोर वळायचा. माझे वडील शेतमजूर, मी घरातली पहिली शिक्षिका. पहिल्या दिवशी शाळेत जाताना मी कोऱ्या साडीत पाया पडले तर म्हणाला, "चालून पाह्य बरं. हां. बाई झाली तू, कापड वाजते."

'दम' हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा कबड्डीत चढाईला घड्याळ नव्हतं. निदान आमच्याकडे तरी नव्हतं. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत मधली रेषा ओलांडायची, समोरच्यांना शिवायचं आणि त्याच एका श्वासात परत यायचं. हा म्हणजे दम. मध्येच श्वास घेतला की आउट. बेरकी पोरं दोन शब्दांच्या फटीत श्वास चोरत. पंचाचे डोळे हातापायांवर असत, त्याला ते समजत नसे. म्हणून आमच्या गावात दोन पंच होते, एक रेषांचा आणि एक दमाचा. सुगी आटोपून खळं मोकळं झालं की तेच मैदान. मधल्या रेषेच्या टोकाशी बाभळीच्या ओंडक्यावर मामा बसायचा. काठी मांडीवर आडवी, मान थोडी कलती. कुणी श्वास चोरला की काठी वर जायची आणि आरोळी उठायची, "घेतला!"

एकदा एका पोराने वाद घातला. "मामा, तुमाले दिसत नाई, मंग काऊन मधात बोलून राह्यले?"

"दम दिसते का रे तुले?" मामा म्हणाला. "कोन्या रंगाचा हाय, सांग बरं."

गाव हसलं आणि मामा सगळ्यांपेक्षा जास्त हसला. तो मोठ्याने हसायचा, मोठ्याने रागवायचा आणि स्वतःचं कौतुकही मोठ्यानेच करायचा. नम्रता त्याच्या अंगात नव्हती. "आदिलाबादपासून नांदेडपावतर असा कान नाई," हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल.

सामन्याच्या दिवशी तर तो नवरदेव असायचा. इस्त्रीचा सदरा, पांढरं धोतर, कानात अत्तराचा फाया. ओंडक्यावर बसण्याआधी मला विचारायचा, "त्यायच्या बनियनी कोन्या रंगाच्या?" निळ्या आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "आभाळाचा निळा का शाईचा?" डोळे जायच्या आधीचे रंग त्याने जपून ठेवले होते आणि त्यात ढिलाई त्याला खपत नसे. मला हे आवडायचं. मीही वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई आहे.

शिकवायचा तो फक्त श्वास. मुलांना शिकवायचा आणि, त्या काळी गावात कुजबूज झाली तरी, आम्हा मुलींनाही. चुलीपुढची फुंकणी हातात द्यायचा आणि एका फुंकरीत निखारा किती वेळ लाल राहतो ते बघायला सांगायचा. बघायचो आम्ही, पण कमी पडलो की त्यालाच आधी समजायचं. "पोटात भर श्वास. छातीत भरला थो लोकायले दाखवाले असते." शाळेत एका दमात चाळीस मुलांची हजेरी घ्यायची सवय मला तिथून लागली. निवृत्तीपर्यंत सुटेल असं वाटत नाही.

असं सगळं असताना मामाने स्वतः एकही चढाई केलेली नव्हती. त्याच्या आईने मरताना थोरल्या मुलाला सांगितलं होतं, "याले रेषेच्या आत जाऊ देजो नोको." रामदादा, म्हणजे मामाचा हा थोरला भाऊ, अबोल आणि वचनाचा पक्का. मामाचा कोपरा धरून त्याला ओंडक्यापर्यंत आणायचा, बसवायचा आणि मागे उभा राहायचा. मामा दर वर्षी एकच मागणं मागायचा, "यंदा एक चढाई मले द्या." मग पोरं हसायची, कुणीतरी त्याला चहा आणून द्यायचं, तो चहा प्यायचा आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. पण चहा संपल्यावर रिकामा कप तो बराच वेळ हातात धरून ठेवायचा. ते मी पाहत होते.

एका संक्रांतीला स्पर्धेची व्यवस्था माझ्याकडे आली. चुना, दोर, पाण्याचे माठ, लाउडस्पीकर, बाहेरगावच्या संघांची जेवणं. मी ओट्यावर बसून कामं लिहीत होते. मामा दोर वळत होता.

"अजून एक लिव," तो म्हणाला. "मामाची चढाई."

मी लिहिलं. लिहिलेलं काम मी सोडत नाही, हे गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी रामदादाकडे गेले.

"आईले सबद देल्ला हाय, बाई," तो म्हणाला.

"दादा, परत येताना त्यांना रेषा कशी कळेल, तेवढंच विचारायला आले."

त्याने बैलांपुढे कडबा टाकला, हात झटकले आणि म्हणाला, "मी रेषेवर उभा राह्यतो. टाळ्या वाजवतो. माह्याकडं यील थो." दाराशी मला थांबवून पुन्हा म्हणाला, "आईनं जाऊ देऊ नोको म्हनलं होतं. धरून ठेव असं नाई. पन मी ढकलनार नाई. थो जाईल."

फायनल आमची आणि बेल्लमपल्लीच्या संघाची होती. कोळशाच्या खाणीतली पोरं, खांदे दारासारखे. सकाळचा सामना जिंकून ती गावातल्या शाळेत जेवायला गेली होती. त्या मोकळ्या वेळात मी लाउडस्पीकरवरून सांगितलं, "आता दममामाची चढाई. समोर आपलाच संघ. सर्वांनी शांत राहावं."

खळं इतकं शांत झालं की बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. रामदादाने कोपरा धरून मामाला रेषेपाशी नेलं आणि हात सोडला. मामाने धोतराचा काचा मारला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." काय दम होता! विहिरीवरच्या मोटेसारखा एकसंध. हात पुढे, पाय जमीन चाचपत. एक गडी शिवला. दुसरा शिवला. कोपऱ्यातला शिवला. गाव नाचायला लागलं. सातही आउट! रामदादाच्या टाळ्यांच्या रोखाने मामा परत आला आणि रेषा ओलांडून उभा राहिला. ढोल वाजायला लागला.

मामाने काठी मागितली आणि वर केली. ढोल थांबला.

"साताई जनायले इकडं बलवा."

सात पोरं समोर उभी राहिली. मामा एकेकाच्या तोंडाशी कान नेत पुढे सरकला. शेवटच्यापाशी थांबला.

"सात गडी मेले," तो म्हणाला, "अन् एकाचाबी दम फुलला नाई?"

पोरांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, मामाच्या हाताखाली जाऊन उभं राहायचं. प्रेमाने केलं होतं. त्यांच्या माना खाली गेल्या.

"लेकहो, मले चहा पाजाचा असन तं कपात पाजा. मैदानात नोका पाजू." त्याने काठी वर केली. "हे चढाई खोटी. मी आउट."

जेवून परतलेली बेल्लमपल्लीची पोरं कडेला उभी होती. त्यांच्या कॅप्टनने मला हिंदीत विचारलं, काय झालं? मी थोडक्यात सांगितलं. कॅप्टन चप्पल काढून सरळ मामासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, हमारे ऊपर आओ. लेकिन सुन लो, हम पकडेंगे तो छोडेंगे नहीं."

मामाने मान कलती केली. समोरच्याचा श्वास ऐकला असावा. चेहरा असा उजळला की काय सांगू. "छोडना भी मत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "सुमे, बनियन कोन्या रंगाचे?"

"लाल, मामा."

"मिरचीचा का कुंकवाचा?"

"मिरचीचा."

"मंग बरं."

रामदादाने पुन्हा कोपरा धरला. या वेळी हात सोडायला त्याला थोडा वेळ लागला.

मामा रेषेपलीकडे गेला आणि खरा खेळ सुरू झाला. लाल पोरं मागे सरत होती, वाकत होती, फसवत होती. मामाचा हात हवेत फिरत होता आणि कान पोरांच्या मागे धावत होते. उजवीकडे पाय वाजला, मामा डावीकडे वळला आणि एकाच्या दंडाला त्याची बोटं लागली. खरोखर लागली! तो पोरगा चमकून स्वतःच्या दंडाकडे बघत राहिला. मामा टाळ्यांकडे वळला, तेवढ्यात कॅप्टनने त्याची कंबर धरली. दुसऱ्याने पाय धरला. मग तिसरा, चौथा. मामा पालथा पडला आणि त्याच्यावर माणसांचा ढीग. बायका ओरडल्या. मीही ओरडले असेन.

ढिगाखालून आवाज येतच होता, "कबड्डी, कबड्डी..."

रामदादा रेषेवर गुडघ्यांवर बसला होता. आयुष्यभर हळू बोलणारा माणूस घसा फोडून ओरडत होता, "इकडं! माह्याकडं! हात लांब कर रे, हात!" ढीग बोटाबोटाने सरकत होता. धुळीतून मामाचा एक हात बाहेर आला आणि चुन्याच्या रेषेकडे लांबला. वीतभर राहिली. आवाज चालूच होता.

आणि ढिगाखालून आरोळी आली, "घेतला!"

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. ओंडक्यावर पंच नव्हता. पंच खाली होता, आणि त्याने स्वतःचाच दम तुटल्याचं सांगितलं होतं. आमच्यापैकी एकालाही तो श्वास ऐकू आला नव्हता.

पोरं उठली. मामाला उभं केलं. ओठ फुटलेला, सदऱ्याची बाही गेलेली, धोतर मातीने भरलेलं. आणि तो हसत होता. "पकडलं! पाह्यलं का दादा, मले चौघायनं पकडलं!" रामदादा त्याच्या अंगावरची माती झटकायला गेला तर हात दूर केला. "राहू दे. घरी जाऊ दे तशीच." फायनल आम्ही हरलो. ते कुणाच्या लक्षात नाही. पंच मामाच होता, फुटक्या ओठाने, आणि आमच्याच दोघांना त्याने आउट दिलं.

पुढे दर संक्रांतीला मामा ही चढाई सांगायचा. सांगता सांगता रेषा जवळ येत गेली. वीत होती तिची चार बोटं झाली, मग दोन, मग नखभर. मी आकड्यांत कुणाचं चुकू देत नाही, पण इथे मध्ये पडले नाही. नंतर चढाईला घड्याळ आलं, दमाचा पंच कुणाला लागेना. मामा ओंडक्यावर बसतच राहिला आणि अधूनमधून स्वतःशीच पुटपुटायचा, "घेतला."

शेवटच्या आजारात मी त्याला भेटायला गेले. रामदादा उशाशी बसला होता. मामाने मला श्वासावरून ओळखलं. "बस स्टँडपासून पायी आली," म्हणाला. मग हळूच, "सुमे, तू मोजमापाची बाई. खरं सांग. नखभर राह्यली होती का?"

मी रामदादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मामा मान कलती करून वाट पाहत होता. या कानाशी खोटं चालणार नव्हतं.

"वीत होती, मामा. पूर्ण वीत."

"म्हंजे आउटच होतो मी."

"आउटच होता."

त्याने समाधानाने मान हलवली. ओठावरच्या जुन्या वणावरून अंगठा फिरवला.

"आंधळ्याले कोनी आउट देत नाई, सुमे," तो म्हणाला. "खेळनाऱ्याले देते."