परत आलेलं ताट

आठवी झाल्यावर शाळा सोडली आणि वय भरल्यावर फौजेत कुक म्हणून भरती झालो. पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात. साखऱ्याच्या तांड्यावरून एकदम तिकडं. पहिले दोन महिने कणीक मळताना रडायचो. तिथं गंगाधर भेटले, हुद्द्यानं नाईक, मला सिनियर; मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आमच्याच जिल्ह्यातले, शिरड शहापूरचे. त्यांनी मला सांभाळलं, घरी चार ओळी लिहायला बसवलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

मार्चात त्यांची रजा मंजूर झाली. घरची हळद काढायला आली होती. त्याच आठवड्यात त्यांना जुलाब लागले.

"उस्ताद, डॉक्टरकडं चला."

"काहून? ॲडमिट केलं की रजा गेली. तू वरण-भात कर, डॉक्टरकी नको करू."

"ताट भरलेलंच परत येऊन राहिलं, म्हणून म्हटलं."

"येऊ दे. अन् तोंड बंद ठेव. ऑर्डर आहे."

सिनियरची ऑर्डर. मी मानली.

सहाव्या दिवशी ०६३० च्या हजेरीला, फॉल-इनला, त्यांना उठता येईना. "पायात जीवच न्हाई रे." वायरलेस सेटवर कळवलं. ०७१५ ला ॲम्ब्युलन्स आली. ०८४० ला फील्ड हॉस्पिटल. सोबत मी.

डॉक्टर कॅप्टन मॅडमनी ईसीजी काढला, पाय उचलायला सांगितला. उचलला गेला नाही.

"कितने दिन से?"

"आज सुबह से, मॅडम," उस्ताद म्हणाले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम कौन?"

"कुक, मॅडम."

"तो बताओ. खाना कब से बंद है?"

उस्तादांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी सावधान उभा राहिलो. "छह दिन, मॅडम."

रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम फार खाली गेलं होतं, जुलाबातून वाहून गेलेलं. त्यानं हातपाय ढिले पडतात, हृदयसुद्धा. औषध सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यावं लागतं. घाई केली तर तेच औषध हृदय बंद पाडतं. नर्सिंग असिस्टंट थेंब मोजत होता. मॅडम मॉनिटरसमोरून हलल्या नाहीत.

"बोललास शेवटी, लेका," उस्ताद म्हणाले.

"रागावलात?"

"न्हाई. रजेचा कागद जपून ठेव."

१०२० ला मॉनिटरवरची रेघ बिघडली. ११०५ ला मॅडमनी छाती दाबायचं थांबवलं. पहिल्या दिवशी आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "शायद बच जाते."

त्यांच्या शवपेटीबरोबर मी शिरड शहापूरला गेलो. अंगणात हळद वाळत होती. त्यांच्या मायनं विचारलं, "तूच रांधायचास ना? शेवटी काय जेवला माझा गंगाधर?"

मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.  मायनं शेजारून आलेली भाकर माझ्यापुढं सरकवली. "खा. लांबून आलास."

आता पेन्शन आहे. घरापासून लांब, पुण्यात एका कॅन्टीनला स्वयंपाक करतो. ताट भरलेलं परत आलं की गॅस बंद करून बाहेर जातो, ज्याचं ताट त्याला किती दिवसांपासून असं होतंय ते विचारतो, आणि ऐकलं नाही तर घरच्यांना फोन लावतो. कॅन्टीनची पोरं हसतात. हसू देत.

नाईक गंगाधर यांची तेवढी एक ऑर्डर मी रोज मोडतो.